आईसाठी घेतलेला डिजिटल वजनकाटा

आईच्या गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन नोंदवायला सांगितले, म्हणून आम्ही लातूरच्या बाजारातून मोबाईलला जोडता येणारा डिजिटल वजनकाटा आणला. चार महिन्यांच्या वापरानंतर हे लिहीत आहे.

वजन तो नीट दाखवतो, फक्त जागा सपाट हवी. ओसरीतल्या शहाबादी फरशीवर लागोपाठ दोनदा घेतलेल्या वजनात जवळपास एका किलोचा फरक आला. स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत फरशीवर मात्र प्रत्येक वेळी ५४ किलोच भरले. आकडे मोठे असल्याने सत्तरीतल्या आईला ते चष्म्याशिवाय वाचता येतात.

माझी तक्रार आहे ती ॲपमधल्या बीएमआयबद्दल. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो, आणि भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा धरतात. मी आईच्या जुन्या कागदावरची १५२ सेंटिमीटर उंची भरली, तेव्हा २३.४ आले. पुढे तिला अनवाणी भिंतीला टेकवून, डोक्यावर पाटी धरून पेन्सिलीने खूण केली, तर उंची १४७ भरली. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात, पाठीला बाक येतो आणि उंची घटते, याचा मला विसरच पडला होता. नवी उंची भरताच, वजन तसूभरही न वाढता, बीएमआय २५ झाला आणि पडद्यावर लाल अक्षरांत ‘लठ्ठ’ असे उमटले. आईने ते वाचले आणि त्या रात्रीपासून ती ज्वारीची अर्धीच भाकरी घेऊ लागली, वरणही नको म्हणू लागली. पंचविशीतल्या मुलीला आणि सत्तरीतल्या आजीला एकच पट्टी लावणे मला अजिबात पटले नाही.

डॉक्टरांनी बीएमआय बाजूला ठेवून तिला हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगितले. तिसऱ्याच वेळी तिचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला. पिंडऱ्या सुकल्या होत्या. म्हणजे उणीव स्नायूंची होती, आणि चरबी व स्नायू यांतला भेद बीएमआयला कळत नाही. उतारवयात बीएमआय थोडा जास्त असला तरी चालते, परंतु सहा महिने ते वर्षभरात कारण नसताना वजन ५ टक्के घटले, म्हणजे तिच्या बाबतीत पावणेतीन किलो, तर लगेच दाखवायला या, असे त्यांनी बजावले. पोटाचा घेर बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा, तो टेपने मोजा, हेही सांगितले.

चरबीच्या टक्केवारीवरही फार विसंबू नये. तळव्यांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून काटा तो अंदाज बांधतो, त्यामुळे शरीरातले पाणी कमी झाले की आकडा बदलतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर तो सकाळ-दुपार वेगळा येतो. पेसमेकर बसवलेल्यांनी अशा काट्यावर उभेच राहू नये.

केवळ वजनासाठी हा काटा मी जरूर सुचवेन. आमच्या मोबाईलवरून ते ॲप मी काढून टाकले आहे. आई दर सोमवारी वजन दिनदर्शिकेवर लिहिते आणि वाटीभर वरण पुन्हा घेते.