‘हॉटेल टू हॉटेल’ मिनीव्हॅन: पटाँग ते आओ नांग

थायलंडची दुसरी फेरी करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या वेळी बँकॉक-पट्टाया झालेलं असतं, मग दुसऱ्या वेळी फुकेत आणि क्राबी. फुकेतमध्ये पटाँग बीच, क्राबीत आओ नांग. हॉटेलं, विमानं, बेटांच्या सहली यांचा महिनामहिना अभ्यास होतो. या दोन गावांमधल्या प्रवासाचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ असतं. नेमकं तिथेच आम्हाला लुबाडलं गेलं. तेही भर दुपारी, गोड बोलून, थंड पाण्याच्या बाटल्या हातात देऊन.

नकाशात ही दोन गावं फांग न्गा उपसागराच्या दोन बाजूंना दिसतात, जवळजवळ समोरासमोर. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो, तेव्हा फुकेतच्या रासादा धक्क्यावरून बोटीने जाता येतं. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि सासू-सासरे, गेलो ते पावसाळ्यात. त्या दिवसांत या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, आणि सासूबाईंना तर मांडव्याच्या लाँचमध्येही मळमळतं. म्हणून रस्ता. रस्त्याने अख्ख्या उपसागराला वळसा पडतो: बेटाच्या उत्तर टोकाला जाऊन सारासिन पुलाशेजारच्या नव्या पुलावरून मुख्य भूमीवर, तिथून फांग न्गा, मग खाली क्राबी. पावणेदोनशे किलोमीटर, गाडी थेट गेली तर तीन तास.

पटाँगच्या गल्ल्यांत दर दहा पावलांवर सहलींचं एक टेबल असतं. आमच्या हॉटेलजवळच्या टेबलावर मिनीव्हॅनचे माणशी ६०० बाथ सांगितले. चौघांचे २४००. तेव्हा एका बाथला अडीच-पावणेतीन रुपये पडायचे. तिकिटावर आओ नांगच्या हॉटेलचं नाव लिहून घेतलं, खाली ‘हॉटेल टू हॉटेल’ असंही त्या मुलीने स्वतःच लिहिलं. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना सामान घेऊन चढ-उतार नको, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिने प्रत्येक वेळी छान मान डोलावली.

गाडी अर्धा तास उशिरा आली, ते ठीक. पुढचा तासभर ती इतर हॉटेलांतून माणसं गोळा करत हिंडली, तेही ठीक. चालक बिचारा कमी बोलणारा, पण गाडी नीट चालवणारा होता. फांग न्गाचे ते सरळसोट चुनखडीचे डोंगर दिसायला लागल्यावर बाबा तर एकदम खूश.

क्राबी शहर जवळ आलं आणि गाडी मुख्य रस्ता सोडून एका पत्र्याच्या शेडपुढे थांबली. चार-सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बेटांचे मोठमोठे फोटो, एक टेबल. चालकाने सगळ्यांचं सामान भराभर खाली काढलं. आम्हाला वाटलं, चहापाण्याला थांबले असतील. सामान कशाला काढतात हे विचारेपर्यंत गाडी वळून गेलीसुद्धा.

टेबलामागची बाई अतिशय हसतमुख. तिने सगळ्यांची तिकिटं मागून घेतली आणि प्रत्येकाच्या शर्टावर एकेक रंगीत स्टिकर चिकटवलं. कुणाला हिरवं, कुणाला पिवळं, आम्हाला लाल. तिकिटं तिच्या खणात गेली. या प्रकारातली कळीची गोष्ट हीच. त्या क्षणानंतर आपण पैसे कशाचे भरले, कुठपर्यंतचे भरले, हे सांगणारा एकही कागद आपल्याकडे उरत नाही. उरतं ते स्टिकर, ज्याचा अर्थ फक्त तिलाच ठाऊक.

मग तिने एकेका कुटुंबाला टेबलाशी बोलावलं. आधी नकाशा उघडून चार बेटांची सहल खपवायचा प्रयत्न झाला: आजच ठरवा, उद्या जागा मिळणार नाही, वगैरे. आम्ही नको म्हटल्यावर आवाज बदलला. तुमचं हॉटेल गाडीच्या मार्गावर नाही. खूप आत आहे. हे तिकीट क्राबीपर्यंतचंच. पुढची गाडी दोन तासांनी, आणि तीही बीचच्या तोंडाशी सोडेल. घाई असेल तर खासगी टॅक्सी आहे, ८०० बाथ.

नवरा म्हणाला, “तिकिटावर हॉटेलचं नाव लिहिलंय.”

“कुठलं तिकीट?” असं काही ती म्हणाली नाही. ती नुसती हसली आणि म्हणाली, “पटाँगचं ऑफिस वेगळी कंपनी, आम्ही वेगळी.”

बाहेर ऊन, खुर्च्या मोडक्या, बाबांचा पाय सुजलेला. आई एवढंच म्हणाल्या, “अगं, देऊन टाका आणि चला. यांना बसवत नाहीये.” दिले ८००. टॅक्सी शेडच्या मागेच उभी होती, एसी चालू ठेवून. हॉटेल ‘खूप आत’ वगैरे काही नव्हतं, आओ नांगच्या मुख्य रस्त्यावरच होतं.

आमच्याच गाडीत एक तरुण परदेशी जोडपं होतं, त्यांनाही लाल स्टिकर. ते दुसऱ्या दिवशी जवळच्या रेले बीचला जाणाऱ्या बोटीच्या तिकीट खिडकीवर भेटले. त्यांनाही हेच सगळं ऐकवलं होतं. त्यांनी फक्त “आम्ही थांबतो” म्हटलं आणि पुस्तक काढून बसले. आमची टॅक्सी निघाल्यावर वीस मिनिटांत मिनीव्हॅन आली आणि त्यांना हॉटेलच्या दारात सोडून गेली. एक पैसा जादा नाही. दोन तासांची गाडी, मार्गाबाहेरचं हॉटेल, सगळी बनवाबनवी.

हे असं का चालतं, ते आमच्या क्राबीच्या हॉटेलातल्या स्वागतकक्षातल्या मुलीने समजावलं. पटाँगच्या टेबलावर बसलेल्यांची स्वतःची गाडीच नसते. ते तिकीट विकून आपलं कमिशन ठेवतात आणि उरलेले पैसे गाडीवाल्याला देतात. गाडीवाला क्राबीच्या हद्दीशी प्रवासी दुसऱ्याच्या ताब्यात देतो, कारण पुढे वेगवेगळ्या हॉटेलांत सोडत बसलं तर त्याची परतीची फेरी हुकते. शेवटच्या टप्प्याच्या माणसापर्यंत ६०० बाथमधलं फार थोडं पोहोचतं. मग तो आपली कमाई तुमच्याकडून काढतो: सहल विकून, नाहीतर टॅक्सी विकून. पुण्याहून कोल्हापूरला निघालेला खासगी बसवाला कात्रजला उतरवून दुसऱ्या गाडीत कोंबतो, तसलाच हा प्रकार. फक्त इथे भाषा आपली नाही, सामान चौघांचं आहे आणि भांडायला आवाजच फुटत नाही. सगळेच मिनीव्हॅनवाले असे नसतात, असंही ती म्हणाली. मला ते पटतं, पण टेबलावर तिकीट घेताना कुठला कोण हे ओळखायचं कसं?

तेव्हा या मार्गाने जाणार असाल तर तिकीट काढल्या काढल्या त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, रक्कम आणि हॉटेलचं नाव स्पष्ट दिसेल असा. मधल्या शेडमध्ये कुणी मागितलं तर तिकीट दाखवा, हातात देऊ नका. अगदीच हवं म्हणाले तर फाडून अर्धं परत द्या म्हणा. गाडी थांबली की सामानाजवळ एकाने उभं राहावं आणि चालकाला जाऊ देण्याआधी पुढची गाडी कुठली ते विचारावं. आणि सहल, टॅक्सी, काहीही विकायला आले तरी खुर्चीवरून उठायचं नाही. त्यांची सगळी मदार आपल्या घाईवर असते. म्हाताऱ्या माणसांसाठी पाणी, खाणं, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. आमच्या दशम्या मोठ्या बॅगेत तळाशी होत्या, आणि ती बॅग शेडच्या दुसऱ्या टोकाला.

अगदीच त्या शेडमध्ये अडकलात तरी क्राबी शहरातून आओ नांगला पांढऱ्या रंगाचे साँगथाव, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेले पिकअप टेम्पो, दिवसभर धावतात. माणशी साठ बाथच्या आसपास घेतात. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. ८०० हा आकडा किती फुगवलेला होता ते यावरून कळेल. ज्यांना बस चालते त्यांच्यासाठी फुकेतच्या बस टर्मिनल दोनवरून क्राबीला सरळ बस आहे. तिथे खिडकीवर तिकीट मिळतं आणि मध्ये कुणी स्टिकर लावत नाही. परतीला आम्ही हॉटेलमार्फत थेट गाडी ठरवली. भाडं कागदावर लिहून घेतलं आणि अर्धे पैसे फुकेत विमानतळावर उतरल्यावर दिले. माणशी हिशेब केला तर मिनीव्हॅनपेक्षा महाग, पण चौघांत परवडते.

थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं. हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा आणि शेडमध्ये असतानाच लावा. हॉटेलवर पोहोचून आंघोळ करून मग लावलेल्या फोनला तितकी धार नसते.

आमच्या नवऱ्याला खर्च लिहून ठेवायची सवय, म्हणून प्रत्येक पावतीचा तो फोटो काढतो. त्यात हे तिकीटही निघालं. स्वागतकक्षातल्या त्या मुलीने फोटो बघितला आणि पटाँगच्या टेबलावर फोन करून थाई भाषेत चांगलं पाच मिनिटं झापलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चालू होतं. शेवटी तडजोड निघाली: ८०० पैकी ४०० बाथ परत देऊ, पण ऑनलाइन नाही, रोख. पटाँगला येऊन घेऊन जा. विमानतळावरून पटाँगला नुसतं जायचं टॅक्सीभाडं ८०० बाथच्या घरात आहे.