300 बारचा कार्बन-फायबर सिलिंडर, आठ महिन्यांनंतर: वजनावर खूश, भरण्यावर आधी नाराज

एससीबीए संचातला (धुरात, विषारी वायूत श्वास घ्यायला पाठीवर हवा नेणारा संच) स्टीलचा सिलिंडर काढून कंपोझिट घेतला: 6.8 लिटर, 300 बार. आत ॲल्युमिनियमचं लायनर (अस्तर), त्यावर कार्बन फायबर, सगळ्यात वर काचतंतूंचा थर. रिकामं वजन साडेचार किलोच्या आसपास, स्टीलच्या सहा लिटरवाल्याच्या जवळपास निम्मं. उभ्या शिडीवरून मॅनहोलपर्यंत चढताना फरक खांद्याला लगेच कळतो. वजनाबद्दल एवढंच.

डोकेदुखी भरण्याची. संध्याकाळी 300 ला बंद केलेला सिलिंडर सकाळी 270 दाखवायचा. गळती समजून सर्व्हिसला दिला. त्यांनी ओ-रिंग बदलली, बिल लावलं. परत आला तरी 270च! साबणाचं पाणी लावलं तर एक बुडबुडा नाही. ते बिल अजून खुपतं, कारण तिथे ही तपासणी आधीच व्हायला हवी होती.

हवा घाईने भरली की आत तापते. स्टील ती उष्णता पटकन बाहेर टाकतं, कंपोझिटचं कवच धरून ठेवतं. साठ अंशांजवळ पोचलेली हवा तिशीवर आली की 300 चे 270 होतात. मिनिटाला 40 लिटर हवा लागते असं धरलं, तर काही मिनिटं गेली. हवा संपत आल्याची शिट्टी 55 बारच्या आसपास वाजते, म्हणजे ही मिनिटं कामाच्या वेळेतूनच कापली जातात.

आता मिनिटाला 30 बारपेक्षा वेगाने भरत नाही. दहा मिनिटं लागतात. मग सिलिंडर थंड होऊ द्यायचा आणि पुन्हा 300 पर्यंत टॉप-अप. थंड झाल्यावर उतरेल म्हणून आधीच 330 भरणं साफ चूक. पाण्याच्या टबात ठेवूनही फारसा उपयोग नाही, कवचातून उष्णता हळूहळूच निघते. असं भरल्यापासून सकाळी 295च्या खाली गेज गेलेला नाही, त्यामुळे दोन ताऱ्यांचे चार केले.

पाचवा तारा धक्क्यांमुळे अडला. स्टीलला पोचा पडला तर दिसतो. इथे आतले थर सुटले तरी वर फक्त पांढरट डाग उमटतो. तसा डाग किंवा तुटलेले तंतू दिसले की भरू नका, तपासायला द्या. तंतू धरून ठेवणाऱ्या रेझिनला सॉल्व्हंट आणि ॲसिड चालत नाही, पुसायला सौम्य साबणच. वापरानंतर थोडा दाब आत ठेवा, नाहीतर दमट हवा शिरते.

घेताना लेबलवर पेसोची (गॅस सिलिंडरना मान्यता देणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता आणि उत्पादनाचा महिना बघा. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर पाच वर्षांनी, आणि पंधरा वर्षांचं आयुष्य उत्पादनापासून मोजतात, बिलापासून नाही. दोन वर्षं गोदामात पडलेला नग पूर्ण किमतीला घेऊ नका.