गिरणीवाल्याच्या लेकीने पाहिलेली ग्रीनची पवनचक्की

विट्याला आमची पिठाची गिरणी होती. त्यामुळे नॉटिंगहॅमला लेकीकडे गेल्यावर ती म्हणाली, "आई, इथे तुझ्या एम-थ्रीतल्या ग्रीनची पवनचक्की आहे, अजून पीठ विकतात," तेव्हा मला गणिताआधी पीठच दिसलं. एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, आणि ग्रीन म्हणजे त्यातल्या 'ग्रीन्स थिअरम'वाला गणितज्ञ जॉर्ज ग्रीन.

स्नेंटनच्या टेकडीवर विटांचा उंच मनोरा आणि त्यावर कांद्याच्या आकाराची पांढरी टोपी. शेवटचा चढ दमवतो. मी गेले तेव्हा तिकीट नव्हतं, आपल्या मनाने काय ते द्यायचं. आतले जिने माळ्यावर चढायच्या शिडीसारखे उभे आहेत, म्हणून साडी नेसून जाऊ नका. मी नेसले होते. एका हातात निऱ्या, दुसऱ्यात कठडा आणि खालून लेकीचं हसणं.

त्या दिवशी वारा पडलेला होता, पाती थांबलेली. मला ते सोयीचंच झालं, सगळं निवांत बघता आलं. पोती साखळीने अगदी वर न्यायची, तिथून धान्य आपल्याच वजनाने खाली दगडांत उतरतं आणि पीठ त्याच्याही खालच्या मजल्यावर पडतं. टोपीच्या मागे एक छोटा पंखा असतो. वाऱ्याने दिशा बदलली की तोच सगळी टोपी फिरवून पाती वाऱ्यासमोर आणतो, माणसाने उठायला नको. आमचे अण्णा हे बघून खूश झाले असते. लाईट गेली की त्यांच्या हातात डब्यांची रांग बघत बसण्यापलीकडे काही नसायचं. दगडाच्या खाचांवरून बोट फिरवलं. छिन्नीने टाकी लावलेली लगेच ओळखू आली. ती बोथट झाली की पीठ गरम येतं आणि दुसऱ्या दिवशी बायका डबा परत घेऊन दारात.

आता मालकांबद्दल. ही चक्की जॉर्ज ग्रीनच्या वडिलांनी 1807 मध्ये बांधली. ते बेकरीवाले. 1793 मध्ये जन्मलेला पोरगा आठव्या वर्षी शाळेत गेला आणि वर्षा-दीड वर्षात कामाला जुंपला गेला. दळणाचं काम त्याला जाच वाटायचं, असं त्याच्या मेहुण्यानेच लिहून ठेवलंय. मला नवल नाही वाटलं. मीही गल्ल्यावर बसून गणितं सोडवलीत, वहीची पानं झटकून.

1828 मध्ये या माणसाने वीज आणि चुंबकत्वावरचा निबंध वर्गणी जमवून छापला. साडेसात शिलिंग देऊन 51 जणांनी घेतला. त्यातल्या कितींना कळला असेल, देव जाणे. पण त्यांतल्याच सर एडवर्ड ब्रॉमहेड यांनी त्याला पुढे ढकललं आणि चाळिशीत तो केंब्रिजला पदवीसाठी दाखल झाला. 1837 च्या परीक्षेत चौथा आला. कॉलेजची फेलोशिप, म्हणजे कॉलेजातलं मानाचं पद, मिळाली, तब्येत साथ देईना म्हणून परतला आणि 1841 मध्ये गेला. चक्कीच्या व्यवस्थापकाची मुलगी जेन स्मिथ हिच्यापासून त्याला सात मुलं होती, लग्न मात्र कधी केलं नाही. फेलो अविवाहित लागत हे खरं, पण पहिलं मूल फेलोशिपच्या कितीतरी आधीचं. जेनबद्दल मला आणखी वाचायला आवडलं असतं. आणि त्याचा चेहरा शोधू नका, एकही चित्र उरलेलं नाही.

निबंध जवळजवळ विसरलाच गेला होता. 1845 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनच्या, हाती प्रत लागली. तो ती पॅरिसला घेऊन गेला आणि मग बर्लिनच्या नियतकालिकात निबंध पुन्हा छापला गेला. गंमत म्हणजे आपण एम-थ्रीला घोकतो ते सपाट पृष्ठभागाचं 'ग्रीन्स थिअरम' त्या रूपात या निबंधात नाहीच. ते पुढे 1846 मध्ये फ्रेंच गणितज्ञ कोशीने छापलं. माझी याच पेपरात केटी लागली होती, म्हणजे पेपर राहिला होता, म्हणून हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

निबंधात आहे ती युक्ती मात्र मी वीस वर्षं वापरली, नाव न कळता. एकाच बिंदूवर एकक भार ठेवला तर काय होईल ते काढा, मग कसलाही भार येऊ दे, तुकड्या-तुकड्यांची बेरीज करा. या युक्तीचं नाव ग्रीन्स फंक्शन. पुलाच्या डिझाईनमधली आमची इन्फ्लुअन्स लाइन, म्हणजे भार पुलावरून सरकताना एका ठिकाणचा परिणाम कसा बदलतो ते दाखवणारी रेषा, हीसुद्धा तीच. कॉलेजात सरांनी सूत्र फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. हा माणूस गिरणीवाला होता, एवढं जरी सांगितलं असतं तरी मी पहिल्या बाकावर जाऊन बसले असते.

1947 मध्ये चक्की आतून जळली. ऐंशीच्या दशकात दुरुस्त होऊन पुन्हा दळायला लागली. ग्रीनची कबर खाली सेंट स्टीफन्स चर्चच्या आवारात आहे, उतरताना जाऊन या.

पिठाचं बोलू. मी कोंड्यासकटचं घेतलं. चिमटीत धरलं तर रवाळ लागतं, वास मात्र ताज्या दळणाचा. पहिल्या दिवशी पोळ्यांच्या कडा चिरल्या. चूक माझी, नेहमीच्या अंदाजाने पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पाणी वाढवून कणीक तासभर झाकून ठेवली, तेव्हा पोळ्या टम्म फुगल्या. गरम गरम खा, गार झाल्यावर दातांना व्यायाम आहे. फुलक्यांच्या नादाला लागू नका.

पाचपैकी साडेचार. अर्धा जिन्यांसाठी कापला, गुडघे माझे आहेत. आणि पीठ न्यायला जाडसर पिशवी घरूनच न्या. मी कागदी पुडा काखोटीला मारून बसमध्ये बसले आणि घरी आल्यावर लेकीने माझा काळा कोट दाखवला. डाव्या बाजूला, कोपरापर्यंत, अण्णांच्या सदऱ्यासारखा पांढरा.