'निसर्ग' वादळानंतर दिवेआगर-श्रीवर्धनला मुक्काम शोधताना: एका हंगामाचा अनुभव

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा, पाठोपाठ उघड्या घरांवर पावसाळा, आणि टाळेबंदी तर आधीपासूनच होती. ऑक्टोबरनंतर प्रवास जमू लागला तेव्हा आम्ही ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असं करत पुन्हा तिकडे जायला लागलो आणि मार्चपर्यंत जात राहिलो. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याहून फेरीने पलीकडे जाऊन वेळास. बरोबर बहुतेक वेळा सासूबाई आणि मुलं होती, त्यामुळे 'कुठेही पडू' हा पर्याय नव्हता. इथे लिहिते आहे ते एखाद्या घराबद्दल नाही, जागा शोधण्याच्या पद्धतीबद्दल.

माझं मत आधीच सांगते: वादळानंतरच्या पहिल्या हंगामात बुकिंग साइटवर अजिबात विसंबू नका. थेट घरमालकांना फोन करा.

साइटवर दिसते ती वादळाआधीची वाडी. दाट सुपारी, मधून पायवाट, झोपाळा, खाली शेकडो लोकांची कौतुकं, आणि ती सगळी आधीच्या वर्षांची. एका साइटवरून केलेल्या बुकिंगमध्ये आम्ही पोचलो तेव्हा खोली स्वच्छ होती, पण पंप बंद आणि न्हाणीघरात बादल्यांनी पाणी. मालकांनी साइटला कळवलं होतं, तरी पानावर 'सर्व सोयी उपलब्ध' तसंच राहिलं होतं. त्यांची ग्राहकसेवा दूरच्या शहरात बसलेली, तिला म्हसळ्याच्या पुढे काय झालंय याची कल्पनाच नव्हती. तो माणूस नम्रपणे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आमच्यापेक्षा त्या घरातल्या माणसांना जास्त ओशाळवाणं झालं, याचं मला अजून वाईट वाटतं.

फोनवर मात्र कोणी काही लपवलं नाही. "या हो, पण लाईटचा भरवसा नाही. इन्व्हर्टरवर पंखा चालेल, गीझर नाही. पाणी चुलीवर तापवून देऊ." इतकं स्पष्ट कळलं की ठरवणं सोपं जातं. आणि ज्यांच्याकडे सोय नव्हती त्यांनी नुसतं 'नाही' म्हणून फोन ठेवला नाही. "आमचे पत्रे अजून बसायचेत. तुम्ही पलीकडच्या आळीतल्या वहिनींना विचारा, त्यांच्या दोन खोल्या झाल्यात," असं म्हणून नंबर दिला. आमचे सगळ्यात चांगले मुक्काम असेच, एकाने दुसऱ्याकडे पाठवून मिळाले. गावात कोणाचं छप्पर झालंय, कोणाची विहीर उपसून झाली, हे गावालाच माहीत असतं.

विचारायचं काय, हे हळूहळू जमत गेलं. "लाईट आहे का?" याचं उत्तर "आहे" असंच येतं आणि ते खरंही असतं. पण विहिरीवरचा पंप कशावर चालतो, टाकी किती वेळ पुरते, हे विचारलं की खरी स्थिती कळते. वीज गेली की आधी पाणी जातं. अंधार सहन होतो, घरात म्हातारं माणूस असताना संडासात पाणी नसणं होत नाही. दुसरं, खोली कौलारू आहे, पत्र्याची की स्लॅबची? वादळात कौलं उडाली तिथे कित्येकांनी घाईने पत्रे घातले. ते योग्यच होतं, पावसाळा डोक्यावर होता. पण ज्या वाडीत पूर्वी दुपारी बारालाही गारवा असायचा तिथे सावलीच उरली नव्हती. मी हे आधी कुठे वाचलं नव्हतं, म्हणून आवर्जून लिहिते: फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असाल तर खोलीभोवती झाडं राहिलीत का, एवढं विचारा. सासूबाईंना दुपारी पत्र्याखाली झोपवेना, तेव्हा घरच्या काकूंनी त्यांना स्वतःच्या माजघरात चटई घालून दिली.

लहान मुलं असतील तर वाडीत आणि किनाऱ्यावर अनवाणी सोडू नका. मुळासकट उपटलेल्या झाडांचे खड्डे, पत्र्याचे तुकडे, खिळे बरेच महिने सापडत होते. सुरूच्या बनातही आडवे पडलेले बुंधे होते.

जेवणाला पैकीच्या पैकी. आंबोळ्या, वालाचं बिरडं, सोलकढी, मोदक, कशात काटकसर नव्हती. एका काकूंनी वाढता वाढता सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा नारळ विकत आणतोय. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण माझा घास थांबला. श्रीवर्धनची रोठा सुपारी ही या घरांची खरी मिळकत होती, पाहुणे हा जोड. नव्याने लावलेल्या सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं तरी जातात, नारळालाही तसाच वेळ लागतो. तेवढी वर्षं घर चालणार ते बरंचसं मुक्कामाच्या पैशावर. म्हणून भावात घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. सोय कमी असेल तर ते स्वतःच दर कमी सांगतात, आम्हाला तसंच सांगितलं. 'वादळ झालंय, आता स्वस्तात मिळेल' असा हिशेब करून जाणाऱ्यांचा मला राग येतो.

या पद्धतीत त्रास आहेतच. फोन लागेलच असं नाही. पहिले काही महिने रेंज इतकी कच्ची होती की सकाळी लवकर किंवा रात्री जेवणानंतर प्रयत्न करावा लागे. बुकिंग वहीत लिहिलेलं असतं, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करून नाव, माणसं आणि जेवणाची वेळ सांगा. नकाशावर सापडलेल्या नंबरावर लगेच पैसे पाठवू नका. खोली, न्हाणीघर, छप्पर व्हिडिओ कॉलवर बघा. खरे घरमालक हसत हसत दाखवतात, एकीने तर अर्धवट शाकारलेली पडवीसुद्धा दाखवली.

आगाऊ रकमेचं आधीच बोलून ठेवा. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले, आमचा मुक्काम रद्द झाला, आणि महिन्याभरात तौक्ते वादळ त्याच किनाऱ्यालगत वर गेलं. साइटवरच्या बुकिंगचे पैसे परत मिळायला कितीतरी मेल करावे लागले. दिवेआगरच्या काकांनी स्वतः फोन करून विचारलं, "परत पाठवू की पुढच्या वेळेला धरू?" आम्ही पुढच्या वेळेला धरायला सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून पानाचा फोटो पाठवला, आणि पाऊस संपल्यावर गेलो तेव्हा बिलातून तेवढे वजा केले.