मोडी वाचनाचे यूट्यूब चॅनेल: २६ महिने, ९४ धडे आणि एक बंद पडलेला माइक

ज्या वायरलेस कॉलर माइकवर मी गेले १३ महिने मोडी लिपीचे धडे रेकॉर्ड करीत होते, त्याच्या रिसीव्हरची टाइप-सी पिन जुलैत ढिली झाली आणि फोनला तो माइक ओळखू येईनासा झाला. हमी १२ महिन्यांची होती व ती संपून २९ दिवस झाले होते. सेवा केंद्रातील मुलाने माझ्याकडे न बघताच सांगितले की, पिन सुटी मिळत नाही, पूर्ण रिसीव्हर बदलावा लागेल आणि त्याचे १,६५० रुपये होतील. अख्खा माइक मी २,४९९ रुपयांना घेतला होता. नखाएवढ्या पिनेसाठी एवढे पैसे कशाचे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मग नवीनच घ्या ना." त्या काउंटरवर पाकीट उघडता उघडता माझा हात थांबला, कारण माइक दुरुस्त करायचा की नाही हे ठरवण्याआधी चॅनेल चालू ठेवायचे की नाही हे ठरवणे भाग होते, आणि तो प्रश्न मी जवळजवळ वर्षभर टाळत आले होते.

सरकारी अभिलेख कक्षात ३१ वर्षे नोकरी करून मी २०२१ साली निवृत्त झाले. मोडी मी तेथेच जुन्या दप्तरांवरची धूळ झटकता झटकता शिकले. जून २०२३ मध्ये भाच्याच्या आग्रहावरून चॅनेल सुरू केले. चॅनेल कसे उघडतात, थंबनेल म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असे धरून मी थेट जमाखर्च मांडते. स्टँड ६५० रुपये, माइक २,४९९, रिंग लाइट ७९९ आणि फोन भरून वाहू लागल्यावर घेतलेली हार्ड डिस्क ४,२०० रुपये, असा एकूण खर्च ८,१४८ रुपये झाला. रिंग लाइटने कागदावर चकाकी येते, म्हणून तो मी दोनदाच वापरला. आता आमच्या ह्यांनी तो दाढीच्या आरशाशेजारी लावला आहे आणि खरेदी वाया गेली नाही असे ते मला अधूनमधून सांगत असतात. ९४ धड्यांना प्रत्येकी सरासरी नऊ तास लागले, म्हणजे माझे ८४६ तास गेले. सबस्क्रायबर ६११ आहेत. जमा शून्य.

हे शून्य का, हेही सर्वांना माहीत आहे. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या नियमानुसार जाहिरातीतील वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे सार्वजनिक वॉच टाइम, म्हणजे सर्वांना खुले असलेले व्हिडिओ लोकांनी पाहिल्याचा वेळ, लागते. ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज हा दुसरा मार्ग आहे, पण मोडीच्या बाबतीत त्याचा विचार करण्यातही अर्थ नाही. २०१७ साली एकूण १०,००० व्ह्यूज झाले की अर्ज करता येत असे. माझे आजवरचे व्ह्यूज ५८,००० आहेत. पण मी सहा वर्षे उशिरा आले, आणि त्यात दोष कोणाचाच नाही.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली, तिच्याकडे वळते. ४,००० तासांमधील 'मागील १२ महिने' हे शब्द मी सुरुवातीला नीट वाचलेच नव्हते. कार्यालयात आम्ही प्रत्येक नोंदवहीच्या पहिल्या ओळीत मागील बाकी पुढे ओढून घेत असू, त्यामुळे येथेही आज मिळालेला तास कायमचा खात्यात जमा राहतो, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात रोज सकाळी नवे तास वरून पडतात आणि बरोबर ३६५ दिवसांपूर्वीचे तास खालून गळून जातात.

ही गळती मला समजली ती माझ्याच यशामुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुके, पुष्कळ ठिकाणी मोडीत असल्याने मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या नोव्हेंबरात मी कोतवाल बुकातील जातीचा रकाना कसा वाचावा, 'कुणबी' हा शब्द घाईच्या लिखाणात कसा दिसतो आणि पुसट शाईत कोणत्या अक्षरांवर डोळा फसतो, यावर एक धडा टाकला. पाच आठवड्यांत त्याला ७,५०० व्ह्यूज आणि ४९० तास मिळाले. मी अक्षरशः हवेत होते. भाच्याने तर पुढच्या दिवाळीपर्यंत पहिला धनादेश येईल असे भाकीतही केले. पुढची दिवाळी आली आणि त्याच पाच आठवड्यांत माझे तास १,९९० वरून १,५४० वर घसरले. मी काहीही चुकीचे केले नव्हते, दर रविवारचा धडा वेळेवर जात होता, तरीही रोज सकाळी चहाच्या आधी चॅनेलचे आकडे दाखवणारे यूट्यूबचे स्टुडिओ अॅप उघडले की आकडा आदल्या दिवसापेक्षा खाली असे. आज तो १,४८० आहे.

या आकड्याने माझ्यावर जो अंमल बसवला, तो लिहायलाही लाज वाटते. मी एका वहीत रोजचे तास लिहू लागले. सरासरी पाहण्याचा वेळ ३ मिनिटे १२ सेकंद धरला, तर ४,००० तासांसाठी वर्षाला ७५,००० व्ह्यूज लागतात, म्हणजे आठवड्याला सुमारे १,४४० आणि माझे होतात सुमारे ५३०, हे गणित मी किमान वीस वेळा केले असेल, जणू एकविसाव्या वेळी उत्तर निराळे येणार होते. तास वाढावेत म्हणून आठ मिनिटांत संपणारा धडा मी चौदा मिनिटांपर्यंत ओढू लागले. एका रविवारी मोडीच्या इतिहासावर ३८ मिनिटे बोलले आणि त्यात एकही कागद दाखवला नाही. तो धडा आजही माझ्या चॅनेलवरचा सर्वांत कमी पाहिलेला धडा आहे आणि तेच योग्य आहे.

चांगलेही सांगितले पाहिजे. स्टुडिओमधील प्रेक्षक कुठे टिकतात हे दाखवणारा आलेख म्हणजे शाळा तपासणीला आलेल्या निरीक्षकासारखा आहे. गोड बोलत नाही, पण खोटेही बोलत नाही. माझ्या धड्याची सुरुवात ५२ सेकंदांच्या नमस्काराने होत असे: स्वागत, चॅनेलचे नाव, सबस्क्राइब करा, घंटीचे बटण दाबा. तिसाव्या सेकंदापर्यंत शंभरातले ३८ जणच उरत. यंदाच्या मार्चपासून मी नमस्कार काढून टाकला आणि पहिल्याच चौकटीत कागद दाखवू लागले, तेव्हा ते ५७ झाले. थंबनेल, म्हणजे धड्याचे छोटे मुखचित्र, दिसल्यावर धडा उघडणाऱ्यांचे माझे प्रमाण ४.१ टक्के आहे. निम्म्या चॅनेलांचे ते २ ते १० टक्क्यांमध्ये असते असे यूट्यूबच सांगते, म्हणजे मी मधल्या बाकावरची विद्यार्थिनी ठरते. एवढे असूनही तास काही वाढले नाहीत, आणि हे परीक्षण मी 'चॅनेल बंद करीत आहे' या वाक्याने संपवणार होते.

येथपर्यंत लिहून बारा दिवस झाले. या काळात दोन गोष्टी घडल्या आणि त्यांमुळे वरील काही मते मला बदलावी लागत आहेत.

पहिली गोष्ट माइकची. रिसीव्हर घरी परत आणला आणि ९५ वा धडा, शेवटचा म्हणून, ३५० रुपयांच्या वायरवाल्या इअरफोनवर रेकॉर्ड केला. इअरफोनचा माइक पदराला सेफ्टी पिनने टाचला, पंखा बंद केला, शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ दिल्या आणि मग सुरुवात केली. फोन स्टँडवर पालथा, खाली कोरा कागद, त्यावर आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे उतरवत जायची, हे नेहमीचेच. त्या धड्याचा सरासरी पाहण्याचा वेळ ३ मिनिटे १५ सेकंद आला आणि आवाजाबद्दल एका माणसानेही तक्रार केली नाही. याचा अर्थ २,४९९ रुपये घालण्याची गरज १३ महिन्यांपूर्वीही नव्हती. सेवा केंद्रावरचा माझा राग बराचसा स्वतःवर वळला आहे, तरी १,६५० रुपये जास्तच होते, हे मत कायम आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बंद करण्यापूर्वी सगळे आकडे एकदा वहीत उतरवून ठेवावेत म्हणून मी जुन्या धड्यांचे आलेख एकेक करून उघडले. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोक यूट्यूबवर काहीतरी शोधत येतात. ते रविवारची वाट पाहत नाहीत. त्यांच्या हातात आजोबांच्या ट्रंकेतला एखादा कागद असतो आणि त्यातला एक शब्द अडलेला असतो. सातव्या धड्याचा आलेख तर मी तीन वेळा पाहिला. हा शुहूर सनाचा, म्हणजे जुन्या कागदांवरील एका कालगणनेचा, धडा आहे. पेशवाईतील कागदांवर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७२. त्यात मृग नक्षत्र लागल्यापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवले की इसवी सन १७७१-७२ मिळतो. या धड्यात ६ मिनिटे ४० सेकंदांवर संख्याशब्दांचा तक्ता येतो, आणि उताराला लागलेली आलेखाची रेघ तेथे एकदम खांबासारखी उभी राहते. लोक धडा पाहत नाहीत, थेट तक्त्यावर येतात, मागे जातात, पुन्हा येतात.

माझा हिशेब तेथे उलटला. तक्ता समोर थांबवून ठेवून जो माणूस पंधरा मिनिटे आपला कागद लावत बसतो, त्याचे ते पंधरा मिनिटे वॉच टाइममध्ये येतच नाहीत, कारण व्हिडिओ चाललेला नसतो. व्हिडिओ चालला नाही तर जाहिरातही चालत नाही, तेव्हा यात कोणावर अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण ज्याला माझा सर्वांत जास्त उपयोग झाला तोच माझ्या वहीत सर्वांत कमी भरतो, हे न कळता मी वर्षभर ती वही भरत होते. आणि तास वाढवण्यासाठी धडे लांबवून, तक्ता शोधणाऱ्या त्याच माणसाची वाट आणखी लांब करीत होते.

म्हणून निर्णय असा: दर रविवारचा धडा बंद. ४,००० तासांचा नाद सोडला आणि तासांची वही रद्दीत गेली. चॅनेल मात्र राहील. मोडी हा वाढत्या प्रेक्षकांचा विषय नाही. १९५० च्या सुमारास व्यवहारातून गेलेली लिपी आहे आणि तिची गरज ज्याला पडते, त्याला ती एकदाच पण निकडीने पडते. यापुढे महिन्यातून एक धडा करीन, तोही मजकूर संपेल तेथे थांबणारा. ज्यांना चॅनेलवर घर चालवायचे आहे, त्यांनी माझ्या या निर्णयाचे अनुकरण करू नये. माझे निवृत्तिवेतन दर महिन्याला येते, आणि ते येत नसते तर मी मागच्या दिवाळीतच दुकान आवरले असते.

सातव्या धड्याबद्दल मात्र एक कबुली द्यायची राहिली. तो आलेख पाहिल्यावर ६ मिनिटे ४० सेकंदांची चौकट मी मोठी करून पाहिली. तक्त्यावर माझा अंगठा आहे. तो सितैन आणि सबैन, म्हणजे साठ आणि सत्तर, या दोन शब्दांवर अगदी बरोबर बसला आहे. इहिदे सितैन मया व अलफ हे पानिपतचे साल आणि अर्बा सबैन मया व अलफ हे नारायणराव पेशव्यांच्या खुनाचे साल. नेमकी तीच वीस वर्षे मी झाकून ठेवली आहेत. खालच्या प्रतिक्रियांमध्ये चौदा महिन्यांपूर्वी एकाने लिहून ठेवले होते, "ताई, अंगठा जरा बाजूला घ्याल का?" त्या दिवशी माझ्या वहीत तासांचा आकडा होता, पण या प्रश्नाला मी उत्तर दिलेले नव्हते.

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुसरा ठेवता येत नाही, त्यामुळे तक्ता नव्याने रेकॉर्ड करून निराळा टाकावा लागला. काल सकाळी दहा वाजता, खिडकीतून सरळ ऊन येण्याआधी, तो केला. चार मिनिटांचा आहे, तक्ता पहिल्या सेकंदापासून दिसतो आणि माझा हात चौकटीच्या बाहेर आहे. शोधणाऱ्यांच्या समोर जुना येऊ नये म्हणून सातवा धडा अनलिस्टेड केला, म्हणजे दुवा असेल त्यालाच दिसेल असा ठेवला. अनलिस्टेड व्हिडिओचे तास हिशेबात धरत नाहीत आणि त्या धड्याचे वर्षभरात २१२ तास होते. ज्यांनी त्याचा दुवा जपून ठेवला असेल त्यांच्यासाठी खाली नव्या तक्त्याचा दुवा लावला आहे, आणि अंगठ्याबद्दल विचारणाऱ्या त्या गृहस्थांना चौदा महिन्यांनी उत्तर लिहिले आहे. सार्वजनिक वॉच टाइम आता १,२६८ तास होईल.