'ॲज… ॲज' की 'दॅन'?

दोन गोष्टींची तुलना करताना मराठीत 'पेक्षा' लावलं की काम भागतं. विशेषण जसंच्या तसं राहतं. इंग्रजीत ते बदलतं. 'फास्ट लोकल इज फास्ट दॅन स्लो लोकल' ही चूक तिथूनच येते. 'दॅन' आलं की 'फास्टर' हवंच. काहीजण धसक्याने 'मोर फास्टर' करतात. तेही चूक, एकदाच वाढवायचं.

बरोबरी दाखवायला 'ॲज… ॲज', आणि मधलं विशेषण मूळ रूपात. नकारालाही हीच रचना सोयीची: 'माटुंगा इज नॉट ॲज क्राउडेड ॲज दादर'.

पटीचं गणित आलं की खरी गंमत. दुप्पट लांबसाठी 'ट्वाइस ॲज लाँग ॲज'. 'ट्वाइस लाँगर दॅन' नाही. 'थ्री टाइम्स लाँगर दॅन' सर्रास ऐकू येतं, पण तिप्पट की चौपट हा घोळ राहतो. परीक्षेत टाळलेलं बरं. फरक नेमका मोजलेला असेल तर मात्र 'दॅन'च: 'टेन मिनिट्स लाँगर दॅन'.

लपून बसणारी चूक वेगळीच: 'रेंट्स इन मुंबई आर हायर दॅन पुणे'. इथे भाड्याची तुलना थेट शहराशी झाली. 'दॅन दोज इन पुणे' लिहा, 'दोज' म्हणजे तिथली भाडी. 'ॲज हाय ॲज पुणे'लाही हीच चूक, तिथेही 'ॲज हाय ॲज दोज इन पुणे' लिहा. मराठीत 'पुण्यापेक्षा' चालून जातं, म्हणून कानाला खटकत नाही.