धातू, लाकूड की आकाश? तीन छंदांचा मेळ घालताना

तीन छंद धरले की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होतील अशी भीती आधी वाटते. धातूकाम, सुतारकाम आणि हौशी आकाशनिरीक्षण या तिन्हींचा मला बरीच वर्षं नाद आहे. माझं मत असं, की चिंध्या होतात त्या तिन्ही कामं एकाच टेबलावर मांडल्यामुळे. आवड बाजूला ठेवा आणि कोणता छंद तुमच्याकडे कसला वेळ मागतो ते आधी पाहा.

या बाबतीत धातू सर्वांत समजूतदार. अर्धवट कानस मारलेला पोलादाचा तुकडा तेलाचा हात फिरवून महिनाभर ठेवला, तरी व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीवर) माप तेच येतं. (लेथवरचं, म्हणजे तुकडा फिरवत कातायच्या यंत्रावरचं काम मात्र मध्येच चकमधून, म्हणजे त्याच्या पकडीतून, काढू नये, पुन्हा धरताना केंद्र हलतं.) लाकडाचं तसं नाही. दमट हवेत फळी रुंदीत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. त्यामुळे सांधा कापून ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी जुळवायला गेलं, तर तो बसेलच असं नाही. शिवाय एकदा गोंद लावला, की क्लॅम्प आवळून, गुण्याने काटकोन तपासून होईपर्यंत जागचं उठता येत नाही.

आकाश तर तुमचा वेळ विचारतच नाही. अंधुक तेजोमेघ आणि दीर्घिका पाहायच्या तर अमावास्येच्या आसपासच्या निरभ्र रात्री हव्यात. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पांढरा उजेड एकदा पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मी कॅलेंडरवर आधी अमावास्या धरतो, मग सलग मोकळा दिवस मिळाला तर लाकूड, आणि उरलेले अर्धे-पाऊण तास धातूला.

जागेच्या बाबतीत धातू आणि लाकूड यांचं अजिबात जमत नाही, आणि मी सर्वांत कळकळीने सांगेन ती गोष्ट हीच. माझ्या ग्राइंडरची ठिणगी एकदा कोपऱ्यातल्या भुशात पडली. ज्वाला दिसली नाही. भुसा आतल्या आत धुमसत राहिला आणि तासाभराने वास आला. तेव्हापासून ग्राइंडर आणि वेल्डिंग दाराबाहेरच. पोलादाचा चुरा ओल्या सागावर किंवा ओकवर पडला, तर लाकडातल्या टॅनिनमुळे काळे डाग उठतात, तेही निराळंच. दुर्बिणीचा आरसा तर या दोन्ही धुळींपासून दूरच हवा.

अचूकतेची तुलना मला फार आवडते. सुतारकामात अर्ध्या मिलिमीटरची फट डोळ्यांत भरते. बेअरिंग बसवायचं तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा विचार करावा लागतो. दुर्बिणीच्या चांगल्या आरशाच्या पृष्ठभागावर मात्र सुमारे ७० नॅनोमीटरहून मोठी चूक चालत नाही, आणि हे काम हाताने होतं! काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची (घासायच्या कठीण पदार्थाची) पूड आणि पाणी, शेवटी डांबरी थरावर सेरियम ऑक्साइडचं पॉलिश. आरशाचा आकार तपासायला फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोची चाचणी, १८५८ सालची. तिला एक बारीक दिवा आणि दाढीचं पातं पुरतं.

चुकांचं बोलायचं तर धातूवर भर घालून पुन्हा घासता येतं, आखूड कापलेली फळी आखूडच राहते. आकाश पाहताना एकच चूक अक्षम्य आहे : दुर्बिणीच्या तोंडाशी योग्य फिल्टर लावल्याशिवाय सूर्याकडे पाहणं.

एकच निवडायचा असेल आणि जागा नसेल, तर १० × ५० ची (दहा पट वर्धनाची, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री घ्या आणि आकाशापासून सुरुवात करा. खोली आहे पण रात्री जागवत नाही, तर लाकूड. मापांत रमत असाल आणि वेगळी शेड असेल, तरच आधी धातू.

तिन्ही हवे असतील तर त्यांना एका कामाला जुंपा. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी युरेनस पाहिला तो तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा, स्वतः घासलेला आरसा लाकडी नळीत बसवून. त्याच वर्षी मोठा आरसा ओतताना साचा गळला, तप्त रस तळघराच्या दगडी फरशीवर सांडला आणि फरशीचे तुकडे उडाले. तुम्ही आरसा ओतू नका. १५० मिमीचा काचेचा आरसा घ्या आणि अमेरिकेतल्या जॉन डॉब्सनच्या पद्धतीची, टेफ्लॉनच्या तुकड्यांवर सरकणारी, हाताने फिरवायची प्लायवूडची बैठक बांधा. बैठक जिच्याभोवती फिरते ती खिळी आणि आरशाची पकड लेथवर करा.

मग १५० पट वर्धनात शनी लावा. सव्वा मिनिटात तो दृष्टिक्षेत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातो, म्हणून नळी सतत बोटाने सरकवावी लागते. ती अडखळत उडी मारत असेल, तर टेफ्लॉनच्या कोणत्या तुकड्याखाली रंधा मारायचा राहिला आहे, ते सकाळी पाहायचं.